आवृत्ती कशाची मोजायची?

मुद्राचित्राच्या खालच्या कडेला, चित्र संपून कोरा कागद सुरू होतो तिथे, पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहिलेला असतो. समजा, ७/५०. वरचा आकडा त्या प्रतीचा क्रमांक, खालचा एकूण प्रतींचा. उजवीकडे चित्रकाराची सही. चित्रात काय आहे, ते चांगलं आहे की वाईट, याबद्दल हा अपूर्णांक काहीही सांगत नाही. तो सांगतो ते चित्रकाराच्या पुढच्या वागणुकीबद्दल: एक्कावन्नावी प्रत मी काढणार नाही.

चित्र डोंगराचं असेल, बसलेल्या बाईचं असेल, तर या वचनात खटकण्यासारखं काही नसतं. पण गेल्या काही वर्षांत चित्रकार इंटरनेटवरच्या चिन्हांकडे वळले आहेत. हसरा पिवळा चेहरा, पिक्सेलचं हृदय, माऊसचा बाण, वर केलेला अंगठा अशी चिन्हं मोठ्या कागदावर, उत्तम शाईत, मोजक्या प्रतींमध्ये छापली जातात आणि मोजूनमापून विकली जातात. जे चिन्ह कोट्यवधी माणसं दिवसभर एकमेकांना फुकट पाठवत असतात, त्याच्या पन्नासच प्रती काढून बाकीच्यांना ‘आता नाही’ म्हणण्यात नैतिक अडचण आहे का? आणि असेल तर ती नेमकी कुठे आहे?

हा प्रश्न मला चित्रांच्या बाजारामुळे पडला नाही, माझ्या कामामुळे पडला. मी अनुवाद करते. प्रत काढल्याने मूळ उणं होत नाही, उलट दुसऱ्या भाषेत एक प्रत निघाली की मूळ थोडं वाढतं, या समजुतीवर माझा व्यवसाय उभा आहे. ‘यापुढे प्रत नाही’ या वाक्यातच मूल्य पाहणारी कला मला म्हणूनच थोडी परकी वाटते. परकं वाटतं म्हणून ते चूक ठरत नाही. तेव्हा आधी हा आकडा आला कुठून ते पाहू.

सुरुवातीला तो नाइलाजाचा आकडा होता. ड्रायपॉइंट पद्धतीत चित्रकार तांब्याच्या प्लेटवर सुईने थेट ओरखडतो. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कड उचलली जाते, तिच्यात शाई धरते आणि छापात मखमली रेघ उमटते. पण दाबाखाली ही कड झिजते. काही डझन प्रतींनंतर रेघ फिकट आणि कोरडी होते. लाकडी ठसेही झिजतात, त्यांच्या कडा तुटतात. आधीची प्रत आणि नंतरची प्रत यांत डोळ्यांना दिसणारा फरक असे आणि आकडा ग्राहकाला त्या फरकाची माहिती देई. प्रतींवर क्रमांक आणि सही टाकण्याची प्रथा हळूहळू रुळली, तसा आवृत्ती पूर्ण झाल्यावर प्लेटवर आडव्यातिडव्या रेघा मारून ती रद्द करण्याचा रिवाजही रुळला. वचन मोडायचं म्हटलं तरी साधन उरू नये, अशी ती सोय होती.

ऑफसेट आणि इंकजेट छपाईत हे कारणच गेलं. संगणकातली फाइल झिजत नाही. पहिली प्रत आणि दहा हजारावी प्रत यांत फरक नसतो. पूर्वी आकडा धातूबद्दल काही सांगत होता, आता तो फक्त माणसाच्या शब्दाबद्दल सांगतो. आणि माणसाचा शब्द किती पोकळ होऊ शकतो हे साल्वादोर दालीने दाखवून ठेवलं आहे. १९७४मध्ये फ्रेंच कस्टमने अँडोराच्या सीमेवर एक गाडी अडवली, तिच्यात दालीची सही असलेले हजारो कोरे कागद सापडले. सही आधी आणि चित्र नंतर, तेही कोण छापेल आणि किती छापेल याचा पत्ता नाही. कागदावर चित्र नव्हतं, आणि सहीमागचं वचनही.

इथे मराठी शब्दापाशी जरा थांबावंसं वाटतं. ‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. पण आवृत्ती म्हणजे पुन्हा फिरून येणं. मंत्राची आवृत्ती होते, आवर्तनही त्याच धातूचं. मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘पहिली आवृत्ती’ छापलेलं असतं तेव्हा त्यात दुसरीची आशा असते, आणि ‘दुसरी आवृत्ती निघाली’ हे लेखकाच्या घरी पेढे वाटण्यासारखं वाक्य असतं. पुस्तकाचा आकडा ओलांडला जावा म्हणून लिहिलेला असतो, मुद्राचित्राचा आकडा ओलांडला जाऊ नये म्हणून. एकाच शब्दाखाली अशा दोन उलट्या इच्छा नांदतात. मग चिन्हाचं चित्र यांपैकी कोणत्या बाजूचं?

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या पुस्तकात एक भेद मांडला आहे, तो इथे उपयोगी पडतो. काही कलांमध्ये कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच राहते. चित्रकला अशी आहे. मुद्राचित्रही तसंच, त्याच्या अस्सल प्रती अनेक असतात एवढंच. काही कलांमध्ये मात्र अक्षरं बरोबर उतरवली की उतरवलेली प्रत अस्सलच असते. कविता वहीत लिहा, भिंतीवर लिहा, ती तीच कविता. कवितेची बनावट प्रत असू शकत नाही, फार तर चुकीची प्रत असते.

इमोजी हे या दुसऱ्या बाजूचं आहे. शब्दच तसं सांगतो: जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या ‘इमोशन’शी त्याचं नातं केवळ कानाला भासणारं. १९९९मध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमो या जपानी कंपनीसाठी १७६ चिन्हांचा संच केला, त्यातलं प्रत्येक चिन्ह १२ बाय १२ चौकटींच्या जाळीत बसवलेलं. २०१०मध्ये इमोजींना युनिकोडमध्ये मोठ्या संख्येने जागा मिळाली, म्हणजे ‘क’ला जसा एक संकेतांक आहे तसा हसऱ्या चेहऱ्यालाही मिळाला. ते अक्षर झालं, आणि अक्षराची मूळ प्रत कुठेच नसते.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने याच अडचणीचा सामना केला. त्यांनी २०१६मध्ये कुरितांचा संच संग्रहात घेतला. त्याआधी २०१०मध्ये तर त्यांनी ईमेलच्या पत्त्यात येणारं ‘ॲट’चं चिन्हच ‘संपादन’ केल्याचं जाहीर केलं होतं. ना पैसे दिले, ना वस्तू हाती आली. संग्रहात घ्यायला वस्तूचा ताबा लागतोच असं नाही, अशी त्यांची भूमिका होती. सुरुवातीला मला हे हास्यास्पद वाटलं होतं, पण विचार करता प्रामाणिक वाटू लागलं. जे कुणाचंच नाही ते आमचं झालं असा दावा त्यांनी केला नाही. याच्याकडे नीट पाहा, एवढंच ते म्हणाले.

आणि नीट पाहिलं की काय दिसतं? हे चिन्ह व्यापाऱ्यांच्या हिशेबात शतकानुशतकं होतं. १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ते बसवलं. पुढे प्रत्येक भाषेने त्याला आपल्या डोळ्यांनी पाहिलं. इटालियनमध्ये ती गोगलगाय झाली, डचमध्ये माकडाची शेपटी, रशियनमध्ये कुत्रा, हंगेरियनमध्ये अळी, हिब्रूत गुंडाळलेला गोड पदार्थ. आपल्याकडे बँकेच्या खिडकीपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत, कोणत्याही भाषेचा माणूस त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतो. हा भाव लावण्याचा शब्द आहे: बारा नग, ‘ॲट द रेट’ इतके रुपये. त्या चिन्हाची जुनी व्यापारी आठवण आपल्या बोलण्यात नकळत टिकून राहिली. हे नाव कुणा एकाने दिलं नाही. चिन्हाची खरी किंमत अशी वापरणाऱ्यांनी घातलेली असते.

अनुवाद करताना हे हाताला लागतं. एका इंग्रजी कथेत एक पात्र दुसऱ्याला मोबाइलवर केवळ जोडलेले हात पाठवतं. कथेत त्याचा अर्थ होता ‘प्लीज’, काहीशी अजिजी. मराठी वाचकाला तेच चिन्ह नमस्कार वाटणार, कारण आपल्याकडे ते सकाळच्या सुविचाराखाली येतं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली येतं आणि उधारी लांबवतानाही येतं. चिन्ह तसंच ठेवून मी शेजारी एक क्रियापद घातलं. चित्र सगळीकडे सारखं होतं, अर्थ ठिकठिकाणी तिथल्या माणसांनी भरलेला होता. जे चित्र जगभर वाचलं जातं त्यालाही अनुवाद लागतो.

आता चित्रकाराकडे येऊ. असं चिन्ह घेऊन तो पन्नास प्रती काढतो, तेव्हा गुडमनच्या भाषेत तो अक्षराचं चित्र करतो. ज्याची प्रत्येक प्रत अस्सल होती त्यातून ज्याच्या पन्नासच प्रती अस्सल आहेत असं काही तो बनवतो. यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गावच्या गायरानाला कुंपण घातलं. मला हा आक्षेप टिकत नाही असं वाटतं. गायरानाला कुंपण घातलं की गुरं उपाशी राहतात. इथे छाप विकला गेल्यावरही चिन्ह सगळ्यांच्या फोनमध्ये होतं तिथेच आहे. पन्नास ग्राहकांना त्याचा जास्तीचा अर्थ मिळत नाही आणि उरलेल्यांचा अर्थ कमी होत नाही.

उलट, चित्रकाराच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. दिवसातून चाळीस वेळा पाठवलेल्या चिन्हाकडे आपण एकदाही पाहत नाही. ते हातभर मोठं होऊन भिंतीवर आलं की त्या हसण्यातला ठोकळेबाजपणा दिसतो, कधी त्यातलं दुःखही दिसतं. शिवाय चित्रकाराला पोट आहे. मूळ चित्र एकालाच विकता येतं, ते लाखांत जातं आणि श्रीमंताच्या घरी बंद होतं. त्यामानाने मुद्राचित्र हा चित्रकलेतला मध्यमवर्गीय व्यवहार आहे.

मग अडचण कुठे आहे? विकणारा काय विकतो आहे असं सांगतो, तिथे. कागद, शाई, हाताची निवड आणि पाहण्याची एक रीत विकतो असं तो म्हणाला, तर आकडा खरा आहे. चिन्हाचा दुर्मीळ अर्थ विकतो असं त्याने सुचवलं, तर आकडा खोटा आहे, कारण अर्थ दुर्मीळ नाहीच आणि तो त्याने केलेलाही नाही. ताकाशी मुराकामी यांची हसरी फुलं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. जपानी पारंपरिक चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने २०२२मध्ये ती फुलं जुन्या व्हिडिओ गेमसारख्या पिक्सेलमध्ये आणून ११,६६४ डिजिटल प्रतींच्या संचात विक्रीला काढली. १०८ गुणिले १०८. बौद्ध परंपरेत मानवी वासना १०८ मानल्या जातात, त्यावरून हा आकडा. माळेच्या मण्यांमुळे तो आपल्यालाही परका नाही. इथे झिजणारी प्लेट नाही, कागदही नाही. उरतो केवळ आकडा, आणि तो वासनांच्या संख्येवर बेतलेला. मला यात चित्रकाराचा धूर्तपणा दिसतो आणि कबुलीही दिसते: तुम्ही विकत घेता आहात ती तुमची हाव आहे, असं त्या आकड्यातच लिहिलेलं आहे.

या सगळ्याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा शू बिंग यांच्या दोन पुस्तकांकडे येते. बीजिंगमध्ये मुद्राचित्रण शिकलेल्या या चिनी कलावंताने १९८७ ते १९९१ या काळात ‘आकाशातून आलेला ग्रंथ’ केला. चार खंड, ६०४ पानं, जुन्या चिनी ग्रंथांसारखी बांधणी. त्यासाठी त्यांनी सुमारे चार हजार अक्षरांचे लाकडी ठसे हाताने कोरले. सगळी अक्षरं हुबेहूब चिनी दिसतात आणि एकही चिनी नाही. कुणालाच काही वाचता येत नाही. छापले ते १२६ संच.

दुसरं पुस्तक ‘जमिनीतून आलेला ग्रंथ’. ते मात्र फक्त चिन्हांमध्ये लिहिलेलं आहे: विमानतळावरच्या पाट्या, संगणकावरच्या खुणा, इमोजी. विमानातली सुरक्षेची सूचनापत्रकं आणि च्युइंगगमच्या वेष्टनावरच्या खुणा पाहून त्यांना ही कल्पना सुचली. एका नोकरदार माणसाच्या आयुष्यातले चोवीस तास त्यात आहेत. ते साध्या पुस्तकासारखं दुकानात मिळतं, हवं तितकं छापलं जातं, आणि दुसऱ्या देशात काढताना आतला मजकूर अनुवादावा लागत नाही. माझ्यासारखीच्या पोटावर पाय आणणारं पुस्तक!

पहिल्याच्या प्रती मोजक्या असण्यात मला अन्याय दिसत नाही. त्यामागे हाताने कोरलेली हजारो अक्षरं आहेत. आणि ज्याच्याकडे संच आहे तो आणि ज्याने तो काचेआडून पाहिला तो, दोघंही त्याच्यापुढे सारखेच निरक्षर आहेत. प्रत दुर्मीळ आहे, पण त्यामुळे कुणी जास्त जाणता होत नाही. दुसरं पुस्तक जर १२६ प्रतींत काढलं असतं, तर मात्र तो विसंगतीचा कळस झाला असता. सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं आणि १२६ जणांनाच वाचू द्यायचं! एकाच कलावंताने दोन ग्रंथांसाठी दोन वेगळे न्याय लावले, आणि दोन्ही बरोबर लावले. त्यावरून मला एक साधी कसोटी सुचते: कागद मोजावा, चिन्ह मोजू नये.

म्हणजे व्यवहारात काय? चित्रकाराने पन्नास छापांवर सही करावी, प्लेट रद्द करावी, फाइल पुसावी, चांगले पैसे घ्यावेत. पण उद्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीने तेच चिन्ह तसंच मोठं करून आपल्या भिंतीवर रंगवलं, तर तिला वकिलाची नोटीस पाठवू नये. ज्या गर्दीकडून त्याने अर्थ उसना घेतला त्या गर्दीला पुन्हा उसना घेऊ द्यावा.

ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही हेही सांगायला हवं. मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराने २००५मध्ये आपल्या कॉमिकमध्ये पेपे नावाचा बेडूक आणला. इंटरनेटवरच्या गर्दीने तो उचलला. त्याची ‘दुर्मीळ’ चित्रं म्हणून थट्टेत देवाणघेवाण चालली, आणि पुढे त्या थट्टेची खरीखुरी खरेदी-विक्रीही झाली. मग वंशद्वेष्ट्यांनी तो आपला केला, आणि २०१६मध्ये द्वेषचिन्हांच्या यादीत त्याचं नाव गेलं. २०१७मध्ये फ्युरींनी कॉमिकमध्ये पेपेला तिरडीवर ठेवलं, पण चिन्ह मेलं नाही. पेपे असलेलं राजकीय पोस्टर विकल्याबद्दल त्यांनी ‘इन्फोवॉर्स’वर खटला भरला; २०१९मध्ये तो १५ हजार डॉलर्सवर मिटला. आणि त्याच वर्षी हाँगकाँगच्या रस्त्यांवर हाच बेडूक लोकशाही मागणाऱ्या तरुणांच्या फलकांवर होता.

इथे ‘चिन्ह सगळ्यांचं’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आपण काढलेला बेडूक कुणाच्या तरी भीतीचं कारण झाला, हे पाहणाऱ्या माणसाने अडवायला जाणं रास्तच आहे. पण फ्युरींनी काय अडवलं ते पाहा. शंभर प्रती चालतील, एकशे एकावी नको, असं ते म्हणाले नाहीत. ही माणसं या कामासाठी नकोत, असं म्हणाले. त्यांची मर्यादा हेतूला होती. संख्या हेतू पाहत नाही, तिला हाँगकाँगचा विद्यार्थी आणि वंशद्वेष्टा सारखेच. जिथे खरोखर आडवं उभं राहायला हवं तिथे खालच्या कोपऱ्यातला अपूर्णांक काही कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट. ‘सगळ्यांचं चिन्ह’ म्हणताना आपण थोडे भाबडे असतो. युनिकोड देतो तो संकेतांक. आपल्या फोनमध्ये दिसणारं त्याचं चित्र ज्या त्या कंपनीने काढलेलं आणि तिच्या हक्काचं असतं. आवडीचा अंगठा २००९मध्ये फेसबुकने आणला, आपण सगळे तो वापरतो, पण तो आपला नाही. त्याची प्रत्येक दाब मोजली जाते. पन्नास प्रती मोजणारा चित्रकार निदान मोजतो आहे हे कागदावर लिहून देतो. आपले अंगठे मोजणारे तसं पेन्सिलीने लिहून देत नाहीत.

म्हणून माझा राग अपूर्णांकावर नाही. माणसाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा ही चांगली गोष्ट आहे, इतकंही मी मान्य करते. अनुवादकही मूळ लेखकाच्या वाक्यापुढे अशीच एक मर्यादा रोज पाळतो. फक्त ती ज्याने घालून घेतली त्याच्यापुरतीच असावी. ‘मी पुन्हा छापणार नाही’ हे वचन आहे. ‘तुम्हीही काढायचं नाही’ हा हुकूम आहे, आणि तो देण्याइतकं त्या चिन्हात चित्रकाराचं स्वतःचं फारच थोडं असतं. बाकीचं कुरितांच्या बारा बाय बाराच्या जाळीतून आलेलं असतं, आणि त्याहून जास्त त्या माणसांकडून, ज्यांनी जोडलेल्या हातांत कधी नमस्कार भरला, कधी क्षमा, कधी श्रद्धांजली, आणि त्याखाली कुठेही सही केली नाही.